जांभ्यावरचा रानमूग

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत सोपं काम कोणतं, असं नव्याने आलेली मुलं विचारतात तेव्हा मी पालाशाचं नाव घेते. पाच ग्रॅम माती, त्यात 25 मिलिलिटर अमोनियम ॲसिटेट, पाच मिनिटं हलवणं, गाळणं आणि गाळलेलं पाणी फ्लेम फोटोमीटरच्या नळीला लावणं. ज्योतीत पोटॅशियम फिकं जांभळं जळतं, यंत्र नेमका तेवढाच उजेड वेचून मोजतं आणि आकडा दाखवतं. नत्र काढायचं तर ऊर्ध्वपातनाची भांडी मांडून बसावं लागतं. स्फुरदाचा निळा रंग ठरल्या वेळेत वाचावा लागतो. पालाशाचे असे नखरे नाहीत. देशभर चालत आलेली जुनी पट्टी अशी, की हेक्टरी 108 किलोच्या खाली भरला तर ‘कमी’, 280 च्या वर ‘जास्त’ आणि मधला सगळा ‘मध्यम’. पत्रिकेवर शेरा पडतो, शेतकरी तिची घडी घालून खिशात ठेवतो.

कोकणातल्या एका संशोधन केंद्रात माझी बरीच वर्षं याच कामात गेली. काम सोपं, म्हणून पालाशाबद्दल आमच्याकडे कोणी फारसं बोलत नसे. नत्रावर वाद व्हायचे, स्फुरदावर परिसंवाद व्हायचे आणि पालाश म्हणजे पत्रिकेतला तिसरा रकाना. मला त्यात रस वाटायला लागला तो रानमुगामुळे.

शेजारच्या विभागात कडधान्यांवर काम करणारे एक पैदासकार होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. मूग आणि उडीद यांच्या रानटी नातेवाइकांचं बी त्यांनी सह्याद्रीतून आणि देशावरून गोळा केलं होतं. मूळ हेतू रोगकिडींचा. मुगाला पिवळा मोझॅक छळतो, साठवलेल्या दाण्याला भुंगा लागतो आणि या दोन्हींना तोंड द्यायची ताकद कधी कधी रानातल्या भावंडांमध्ये सापडते. मादागास्करमधल्या एका रानमुगाला, टीसी 1966 या क्रमांकाने ओळखला जातो तो, भुंगा लागत नाही. पुढे जगभरच्या पैदासकारांनी तो संकरासाठी वापरला. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांवर, असं काहीतरी असणारच, या भरवशावर सर पावसाळा संपला की पिशव्या घेऊन निघायचे.

एके दिवशी ते प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, “मॅडम, हा रानमूग कातळावरच्या बोटभर मातीत उगवतो. तिथल्या पालाशाचा आकडा तुम्हीच काढलाय. आपला पेरणीचा मूग तिथे टाकला तर पानं कडेने करपतात. म्हणजे याला पालाश कमी लागत असला पाहिजे. हा गुण आपल्याला उचलता आला तर?”

प्रश्न रास्त होता. भारतात पोटॅशची खाण चालत नाही, म्युरेट ऑफ पोटॅशचं पोतं परदेशातून येतं. कमी पालाशात भागवणारं कडधान्य कोणाला नको असेल?

आता आमची माती. जांभा बघितला नाही असा कोकणी माणूस नाही, पण तो कशापासून झाला हे सांगितलं की लोक चकित होतात. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार जमीन आणि रत्नागिरीचा लाल जांभा ही एकाच दगडाची, दख्खनच्या बेसाल्टची, दोन लेकरं. एक कोरड्यात वाढलं, दुसरं पावसात. या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच थोडं, ग्रॅनाइटच्या मानाने फारच थोडं. तरी काळ्या मातीचा आकडा भरघोस येतो, कारण तिच्यातली फुगणारी-आक्रसणारी चिकणमाती पोटॅशियमचे आयन धरून ठेवते आणि अकोल्या-वाशीमकडचा पाऊस ते धुऊन नेण्याइतका नसतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाणी मातीतून जातं. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि केओलिनाइट. धरून ठेवायला हात नसलेली माती म्हणा. फ्रान्सिस बुकाननने मलबारातल्या अंगाडिपुरमला पाहिलेल्या जांभ्याचं वर्णन छापून आलं 1807 मध्ये. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम धातू पहिल्यांदा वेगळा केला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझ्या टेबलावर दोन्ही गोष्टी रोज एकत्र येत असल्यामुळे मला हे साल लक्षात राहतं.

सरांच्या पिशव्यांमध्ये चार-पाच प्रकारचं बी होतं. खरा रानमूग, म्हणजे पेरणीच्या मुगाचा पूर्वज. रानउडीद, हाही तसाच, उडदाचा पूर्वज. तीन पाळ्यांच्या बारीक पानांची, जमिनीलगत पसरणारी विग्ना ट्रायलोबाटा. ही देशावर काळ्या रानात, बांधांवर दिसते, गुरं आवडीने खातात. खंडाळ्याचं नाव लावणारी, चांगली उंच वाढणारी एक जात होती, पण तिचं बी इतकं थोडं होतं की सरांनी ते कपाटातून बाहेरच काढलं नाही. शिवाय एक गोष्ट मी आग्रहाने मागून घेतली. रानमुगाचं बी एकाच ठिकाणचं नको, सड्यावरचं वेगळं आणि देशावरच्या काळ्या मातीतलं वेगळं. सरांच्या मते ही चैन होती. “जात एकच आहे,” असं ते म्हणाले, पण बी दिलं.

रानातलं बी पेरायचं म्हणजे आधी त्याची समजूत काढावी लागते. लागवडीचा मूग ओल्या फडक्यात रात्रभर ठेवला की सकाळी मोड येतात. रानमुगाचा दाणा पाण्यात आठवडाभर ठेवला तरी तसाच काळा, टणक. वरचं टरफल पाणी आत घेतच नाही. एका पावसात सगळं बी उगवून पुढच्या उघडिपीत मरून जाऊ नये, म्हणून रानाने केलेली ही सोय. आम्ही एकेक दाणा पॉलिश पेपरवर घासायचो, डोळ्याच्या विरुद्ध बाजूने, आतला गर दिसेस्तोवर. शेंगांचाही तोच प्रकार. ऊन चढलं की वाळलेली शेंग पिळवटून तडकते आणि दाणे हातभर लांब उडतात. म्हणून पुढच्या हंगामाचं बी धरायचं तर उजाडताच, दव असतानाच शेंगा तोडायच्या किंवा फुलोऱ्यावर मलमलच्या पिशव्या बांधायच्या.

दाण्याचा आकार पालाशाच्या प्रयोगात फार महत्त्वाचा असतो, हे मला वजनकाट्याजवळ बसल्यावर जाणवलं. मुगाच्या 100 ग्रॅम दाण्यांत पोटॅशियम साधारण सव्वा ग्रॅम असतं. म्हणजे 40 मिलिग्रॅमच्या एका दाण्यात अर्धा मिलिग्रॅम. ही रोपाला घरून मिळालेली शिदोरी. रानमुगाचा दाणा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. तेच प्रमाण धरलं तर शिदोरीही तेवढीच. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात दोघांच्या वाढीत जो फरक दिसेल तो मातीचा मानायचा की दाण्याचा? बऱ्याच कुंडी-प्रयोगांत हा हिशेब मांडलेलाच नसतो.

बिनपालाशाची माती बनवणं हे तर वेगळंच प्रकरण. सड्याची माती कमी पालाशाची असली तरी तिच्यात इतरही उणिवा असतात, आम्लता असते, ॲल्युमिनियम असतं. फक्त पालाशाचा परिणाम बघायचा तर वाळूत रोपं वाढवून बाकी सगळी अन्नद्रव्यं पाण्यातून द्यावी लागतात. पण वाळू कोणती? नदीची वाळू म्हणजे बेसाल्टचाच चुरा, तिच्यातली खनिजं हळूहळू पोटॅशियम सोडत राहतात. किनाऱ्याच्या वाळूत शिंपले आणि मीठ. शेवटी सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली पांढरी सिलिका वाळू मागवली. ती आम्लात भिजवायची आणि मग धूत राहायचं. निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पाणी दुधाळ होतं, म्हणजे अजून क्लोराइड आहे, म्हणजे अजून धुवा. आमचे मामा, हरितगृहाचं सगळं बघणारे, या धुण्याला इतके वैतागले की म्हणाले, “मॅडम, एवढे तांदूळ धुतले असते तर गावजेवण झालं असतं.”

मामांना बिडीची सवय होती. हरितगृहात बिडी नको, हे सांगायला मला फार धीर करावा लागला, कारण ते वयाने मोठे. पण कारण खरंच शास्त्रीय होतं. तंबाखू हे पोटॅशियम भरपूर साठवणारं झाड आहे आणि जळाल्यावर ते सगळं राखेत उरतं. एका बिडीची राख कुंडीत पडली तर दाण्याच्या शिदोरीच्या कितीतरी पट पोटॅशियम रोपाला फुकटात मिळणार. हे मी आकडे मांडून दाखवल्यावर मामा खूश झाले. त्यानंतर ते आवाराबाहेर जाऊन बिडी ओढायचे आणि परत आल्यावर हात धुतल्याचं मला मुद्दाम दाखवायचे.

दुसरी अडचण कागदावरची. पोषक द्रावणात पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम फॉस्फेट असतात. पोटॅशियम काढलं तर त्याच्या जागी काय घालायचं? सोडियम घालणं सर्वांत सोपं, पण सोडियम काही झाडांत पोटॅशियमची थोडी कामं करतं. पेशीत पाणी ओढून तिला फुगवून ठेवण्याचं काम दोघांनाही येतं, बीट तर सोडियमवर चांगलंच भागवतो. विकरांना चालना देण्याचं काम मात्र पोटॅशियमचंच. घेवड्याच्या कुळाला सोडियम सहसा मानवत नाही, पण मूग-उडदाच्या विग्ना या प्रजातीत समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्याही जाती आहेत, तेव्हा रानातल्या एखादीला मानवलं तर? मग कमी पालाशात तगली की सोडियमवर तगली हे कळणार कसं? शेवटी कॅल्शियमच्या क्षारांनी भागवलं.

रोपं वाढायला लागली आणि पुस्तकात असतं ते सगळं दिसलं. पालाश नसलेल्या कुंड्यांतला पेरणीचा मूग आधी छान हिरवा होता. मग खालच्या, जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, नंतर तपकिरी, कागदाची कड मेणबत्तीला लागावी तशा. नवी पानं मात्र टवटवीत. पोटॅशियम झाडात कुठल्याही संयुगात बांधलेलं नसतं, सुटा आयन म्हणून फिरत असतं. टंचाई आली की झाड ते जुन्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतं. लोहाची उणीव शेंड्यावर दिसते आणि पालाशाची बुडख्याकडे, ती याचसाठी.

रानमुगाच्या पानांवर असं काहीच दिसलं नाही. रोपं बारकी, पण अंगभर हिरवी. सर रोज येऊन बघायचे आणि खूश व्हायचे.

मुळं धुतली तेव्हा मला खरी गंमत दिसली. स्फुरद कमी पडलं की झाड मुळं वाढवतं, वर कमी खाली जास्त, हे आम्ही कित्येकदा पाहिलं होतं. पालाशाच्या बाबतीत माझी तीच अपेक्षा होती. पण उपाशी मुगाची मुळं वरच्या भागापेक्षाही खुरटी निघाली आणि त्यांच्यावरच्या गाठी मोजक्याच. मग जुने संदर्भ उघडले. इस्माईल चाकमाक, हेंगेलर आणि मार्शनर यांचं 1994 चं घेवड्यावरचं काम याच प्रश्नावर आहे. पुरेसं अन्न मिळालेल्या रोपांत वरचा भाग मुळांच्या 4.9 पट होता, स्फुरद तोडल्यावर तो 1.8 पटीवर आला, पण पालाश तोडल्यावर उलट 6.9 पटीवर गेला. कारण असं, की पानात तयार झालेली साखर खाली न्यायला पोटॅशियम लागतं. ते नसलं की साखर पानातच अडकते, मुळं उपाशी राहतात. आणि गाठींतले जिवाणू मुळांच्या साखरेवर जगतात, म्हणजे कडधान्याच्या बाबतीत पालाश तोडणं म्हणजे काही काळाने नत्रही तोडणं. आमच्या पत्रिकेतले तीन रकाने एकमेकांशी बोलत नाहीत, झाडात ते सतत बोलत असतात.

रानमुगाची मुळं? ती पालाश असताना आणि नसताना जवळजवळ सारखीच लांब होती. बारीक, पण लांब.

सगळं वाळवून, तोलून, आम्लात पचवून आकडे हाती आले तेव्हा सरांचं आणि माझं पहिलं भांडण झालं. सरांचा मुद्दा सरळ होता: पालाश तोडल्यावर पेरणीच्या मुगाची वाढ निम्म्याहून खाली आली, रानमुगाची थोडीच घटली, म्हणजे रानमूग कार्यक्षम. मी तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचले. त्या वयात उपाशी मूगसुद्धा पोटभर पालाश मिळालेल्या रानमुगापेक्षा वजनाने भारी होता. रानमुगाची वाढ घटली नाही, कारण घटायला ती होतीच किती! मुळात ज्याची मागणीच कमी, त्याला टंचाई जाणवणार कशी? स्टुअर्ट चेपिन यांनी 1980 मध्ये रानटी वनस्पतींच्या पोषणावर एक मोठा आढावा लिहिला होता. नापीक जागी राहणाऱ्या वनस्पती सावकाश वाढतात, खत दिलं तरी फारशा उसळत नाहीत आणि जास्तीचं मिळालंच तर वाढीत न घालता साठवून ठेवतात, असं त्यात सविस्तर मांडलं आहे. आमच्या सड्यावरच्या रानमुगाचं तंतोतंत हेच. भरपूर पालाश दिलेल्या कुंडीत त्याच्या पानांतलं पोटॅशियम वाढलं, झाड मात्र होतं तेवढंच.

“मग हा गुण उचलून काय करणार?” मी सरांना विचारलं. “संथपणा उचलणार? पासष्ट दिवसांत येणारा मूग शंभर दिवसांवर नेणार?”

सर म्हणाले, “मुळं उचलू.” आणि त्यात तथ्य होतं, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

रानउडदाचं वागणं आणखी निराळं. तो रानमुगाचा सख्खा शेजारी, पण पालाश मिळताच वेल सोडत सुटला, फुलं मात्र वाढली नाहीत. विग्ना ट्रायलोबाटा काळ्या मातीतली, तिला बिनपालाशाच्या वाळूत आणल्यावर ती पेरणीच्या मुगासारखीच कडेने करपली. एकाच प्रजातीतली ही मंडळी, पण पालाशाच्या बाबतीत एकाचा स्वभाव दुसऱ्याला लागू नाही.

आणि ज्याला सर चैन म्हणाले होते तो भाग. देशावरच्या काळ्या मातीतून आणलेला रानमूग सड्यावरच्या रानमुगासारखा वागलाच नाही. जात तीच, दाणा तेवढाच, पानांची लव तीच. पण पालाश मिळताच तो उसळला आणि तुटताच त्याच्या जुन्या पानांच्या कडा गेल्या. दोन रानमुगांतला फरक रानमूग आणि रानउडीद यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा होता. कुंड्या मोजक्या होत्या, एका हंगामाचं काम होतं, सरांनी बियांच्या वयाची शंका काढली आणि ती योग्यच होती. पण पुढच्या हंगामात आमच्याच हरितगृहात धरलेल्या, म्हणजे एकाच वयाच्या बियांनीही तेच केलं.

मला त्याचं तितकं आश्चर्य वाटलं नाही, कारण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचं कुरण मला वाचून पाठ झालं होतं. लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1856 मध्ये तिथल्या एका कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली आणि तो प्रयोग अजून चालू आहे. बी कोणी पेरत नाही, खत तेवढं बदलतं आणि कोण राहायचं ते झाडं ठरवतात. नत्र न देता स्फुरद आणि पालाश दिलेल्या पट्ट्यात शेंगवर्गीय वनस्पती भरभराटतात. आपल्या विदर्भातल्या लाख डाळीची एक पिवळ्या फुलांची बहीण त्यात आघाडीवर. पालाश बंद केलेल्या पट्ट्यात त्या मागे पडतात आणि गवतं पुढे सरकतात. डँडेलियनचंही तसंच, त्याला गवतांपेक्षा पालाशाची भूक जास्त, असं 1999 च्या एका अभ्यासात याच कुरणावर आणि कुंड्यांतही दिसलं. पण माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. स्नेडन आणि डेव्हिस यांनी 1970 च्या दशकात तिथलं एकच गवत, अँथोझँथम, वेगवेगळ्या पट्ट्यांतून उचललं आणि सारख्या परिस्थितीत वाढवून पाहिलं. काही मीटरवरच्या शेजारी पट्ट्यांतली झाडं उंचीत, चुन्याला आणि स्फुरदाला दिलेल्या प्रतिसादात एकमेकांपासून वेगळी झाली होती, तीही काही दशकांत. परागकण इकडून तिकडे उडत असताना! मग सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा रानमूग हजारो वर्षांत वेगळा झाला नसता तरच नवल.

सरांना हे पटवायला मी एकदा त्यांच्याबरोबर सड्यावर गेले. भर आश्विनातलं ऊन, पायाखाली तापलेला कातळ, फुलांचा हंगाम उतरलेला. सड्यावर माती सलग नसते, खळग्यांत असते. एका खळग्यात चार बोटं, दुसऱ्यात वीतभर, मधे नुसता दगड. प्रत्येक खळग्यातली माती वेगळ्या पुडीत घेतली. प्रयोगशाळेत तपासल्यावर दहा पावलांवरच्या दोन खळग्यांच्या आकड्यांत चांगलंच अंतर निघालं. ज्याच्या कडेला झुडूप होतं तिथला आकडा वर. याचं कारण पाऊस. पोटॅशियम पानात बांधलेलं नसल्यामुळे सरीसरशी पानांतून झिरपून खाली येतं, आणि गळलेल्या पानांतलं तर पहिल्या काही पावसांतच निघून जातं. नत्र-स्फुरदाला कुजायची वाट बघावी लागते, पालाशाला नाही. झुडपाखालची जागा म्हणूनच पालाशाच्या बाबतीत श्रीमंत. पानांचे नमुने घ्यायचे असतील तर जोराच्या पावसानंतर लगेच घेऊ नयेत, हेही त्याचसाठी, नाहीतर झाड आहे त्यापेक्षा गरीब दिसतं.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे सगळं वेगळ्या वाटेने ठाऊक आहेच. भाताच्या तरव्यासाठी, वरकस जमिनीत नाचणीसाठी राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या, शेण, वर गवत आणि माती, आणि खालून विस्तव. राबावर टीका करणारे बरेच लेख मी वाचले आहेत. झाडं तोडली जातात, मातीतला सेंद्रिय भाग आणि नत्र जळतं, हे खरंच आहे. पण लाकडाच्या राखेत पोटॅश चांगलं, साधारण 5 टक्क्यांच्या आसपास असतं आणि राख आम्लताही उतरवते. ज्या मातीत पालाश नेमका कमी आणि आम्लता जास्त, तिथे ही युक्ती टिकून राहिली तर तिला अडाणीपणा म्हणणं मला जमत नाही. राबाच्या कडेला उगवणारं तण बघावं. नाचणीचं रानटी भावंड तिथे नाचणीइतकंच माजतं आणि चार हात पलीकडे, राख न पडलेल्या जमिनीवर तेच बोटभर उंचीचं राहतं. मात्र ते फक्त पालाशाने होतं असं मी म्हणणार नाही, राखेत चुना आहे, स्फुरद आहे, शिवाय भाजल्याने तणांचं बी मरतं आणि जागा मोकळी मिळते.

हापूससाठी कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून ज्या बागा झाल्या त्यांच्या कडेलाही मी असंच बघत राहते. कलमाला दिलेलं खत पावसाबरोबर उताराने वाहतं. त्या वाटेवर गवत उंच आणि दाट होतं आणि आमचा बारका रानमूग त्यात दिसेनासा होतो. पालाश त्याला विष नाही. पण पालाशाबरोबर नत्रही येतं, गवत झपाट्याने वाढतं आणि सावलीत जमिनीलगतच्या सावकाश वेलीचं काही चालत नाही. कुंडीत रानमूग एकटाच होता, म्हणून तिथे हे कधी दिसलं नसतं. बागायतदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, रानमूग काय बाजारात नेऊ?” त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे त्याच्या कामाचं उत्तर नव्हतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सरांचं आणि माझं दुसरं भांडण झालं, आणि ते पहिल्यापेक्षा लांबलं. त्यांना ‘कमी पालाश सहन करणारे रानवाण’ असं शीर्षक हवं होतं. माझं म्हणणं, सहन करणारा वाण नाही, सड्याची झाडं आहेत. देशावरच्या त्याच जातीला ते नाव देता येत नाही. शेवटी शीर्षकात दोन्ही ठिकाणांची नावं गेली आणि ते इतकं लांब झालं की टंकलेखन करणाऱ्या मुलीने मला दोनदा विचारलं.

अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात ‘शेतकऱ्यांसाठी शिफारस’ हा रकाना सक्तीचा असतो. हेक्टरी किती किलो, कधी, किती हप्त्यांत. रानमुगासमोर मी तिथे आडवी रेघ मारून कागद सरांकडे पाठवला. त्यांनी रेघ खोडली आणि लिहिलं, ‘संकलकांसाठी: बी आणताना त्याच जागची 15 सेंटिमीटरपर्यंतची माती सोबत आणावी.’ आणि कंसात माझ्या प्रयोगशाळेचा खोली क्रमांक टाकला. तेव्हापासून मातीच्या पुड्यांचा ढीग माझ्या टेबलावर आहे आणि त्यांतल्या निम्म्यांवर गावाचं नाव लिहायला लोक विसरतात.